घरी माहीतच नसलेलं दुःख

*ताई, मी 26 वर्षांची. खानापूरहून रोज बेळगावला पतसंस्थेत नोकरीला येते. चार वर्षांचं आमचं नातं त्यानं गणपतीनंतर फोनवर संपवलं. तो पुण्याला असतो. घरी यातलं काहीच माहीत नाही. डोळे सुजले की डोकं दुखतंय म्हणून सांगते. येता-जाता बसमध्ये आम्ही बोलायचो, आता तो वेळ खायला उठतो. रात्री त्याचं स्टेटस बघत बसते. कोल्हापूरचं एक स्थळ आलंय. होकार दिला तर हे एकटेपण जाईल का? जवळची म्हणावी तर निपाणीची मावसबहीण, पण तिच्याशीही आता फारसं बोलणं नाही.*

बाळ, 'डोकं दुखतंय म्हणून सांगते' हे वाचून फार वाईट वाटलं. घरात कुणी गेलं तर आपल्याकडे शेजारी चूल पेटू देत नाहीत, जेवण आणून देतात. तुझं माणूस गेलं आणि दुसऱ्या दिवशी तू डबा भरून पिग्मीचा हिशोब करायला गेलीस. चार वर्षांचं नातं फोनवर संपवणं मला अजिबात पटलेलं नाही. तुझ्या वाट्याला निदान समोरासमोर बोलणं यायला हवं होतं.

बेळगावात किल्ला तलावावर कुणी बघितलं तर तुम्ही खानापूरला पोचायच्या आत बातमी पोचते. म्हणून लपवलंत, त्यात तुझा दोष नाही. पण लपवता लपवता बसमधला वेळ त्याचा झाला, सुट्टी त्याची झाली आणि मावसबहीण मागे पडली. आज तुला जो एकटेपणा जाणवतोय, त्यातला निम्मा तो जायच्या आधीपासूनचा आहे, असं मला वाटतं. आणि तेवढा तरी तुझ्या हातात आहे.

म्हणून येत्या रविवारी निपाणीला जा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे 2023 पासून आपल्याकडे साध्या सरकारी बसला बायकांना पैसे पडत नाहीत, आधार कार्ड दाखवलं की झालं. बहिणीला सगळं सांग. सुरुवातीलाच म्हण, 'मला सल्ला नको, नुसतं ऐक की.' इतके दिवस का बोलली नाहीस म्हणून ती रुसेल. रुसू दे.

त्याचा नंबर ब्लॉक कर. उद्धटपणा वाटेल, तरी कर. स्टेटस बघून तो सुखात आहे की दुःखात, यातलं काहीही कळलं तरी तुझी झोपच जाते. बसमध्ये रोज त्याच बायका चढतात ना? फोन पर्समध्ये ठेवून त्यांच्याशेजारी बस. पहिले काही दिवस अवघड जातील, गप्पा जमणारही नाहीत.

जेवण तुटलं, झोप उडाली किंवा जगणंच नको वाटलं, तर बहिणीची वाट बघू नकोस. 14416 हा मानसिक त्रासात बोलण्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. लगेच लाव.

आता स्थळाचं. मुलगा चांगलाही असेल, पण इतक्यात होकार देऊ नकोस. रात्री त्या मुलाशी बोलताना तू मनात याच्याशी बोलत राहशील, हा त्या मुलावर अन्याय आहे आणि तुझ्यावरही. आईला कारण सांगायची तयारी नसेल तर नको सांगूस. एवढंच म्हण, 'आई, मला सहा महिने दे, मग मीच तुझ्याशी बोलेन.' ती चिडली तर वडिलांसमोर पुन्हा एकदा म्हण.