स्थानिक इतिहासाच्या कार्यशाळांमुळे न्याय-अन्याय शिकवण्यात खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न असा की, शिक्षकांना एखाद्या ठिकाणी नेऊन तिथला इतिहास शिकवणाऱ्या कार्यशाळांचा वर्गात न्यायाबद्दल शिकवताना उपयोग होतो, की ती नुसती सहलच ठरते?

मी इतिहास शिकवते. माझ्या मते फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. मात्र जागा दाखवली आणि कागद दाखवले नाहीत, तर सहलच होते.

पाठ्यपुस्तकातला अन्याय दुष्काळासारखा येतो, त्याला कर्ता नसतो. कोणत्या कचेरीने, कोणत्या नियमाखाली, कुणाच्या सहीने केलं, हे स्थानिक दप्तरातच सापडतं. अमेरिकेतलं उदाहरण घ्या. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांमधल्या वस्त्यांची प्रतवारी केली. सगळ्यात खालच्या प्रतीला नकाशात लाल रंग, म्हणजे कर्जासाठी धोकादायक. प्रत्येक वस्तीचा वेगळा फॉर्म होता. त्यात घरांची अवस्था आणि भाडं यांच्या जोडीला परदेशात जन्मलेले किती, कृष्णवर्णीय किती, आणि वस्तीत कुणाची ‘घुसखोरी’ चालू आहे, असेही रकाने छापलेले होते. रिचमंड विद्यापीठाने हे नकाशे ऑनलाइन सर्वांसाठी खुले केले आहेत. आपल्याच शहराचा असा फॉर्म समोर आला की मुलं चटकन विचारतात, हा रकाना ठेवायचं ठरवलं कुणी? तिथून पुढचा तास आपोआप चालतो.

कार्यशाळेत शिक्षकाला आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे अभ्यासकांमधला वाद. कर्ज नाकारण्यात या नकाशांचा वाटा नेमका किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, कारण भेदभाव आधीपासूनच चालू होता. हे माहीत असलेला शिक्षक घोषणा देत बसत नाही. तो मुलांना पुरावा तपासायला लावतो. न्यायाची बाजू घेऊन शिकवायचं असेल तर हे फार गरजेचं आहे, नाहीतर पहिल्याच उलट प्रश्नाला धडा कोसळतो.

दुसरा बदल म्हणजे जाणकार कुणाला म्हणायचं, हे बदलतं. केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला आणि ६०,००० हून अधिक माणसं तिथून उठवली गेली. १९९४ साली तिथल्या जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडलं. त्याच्या जमिनीवर वस्तीचा भला मोठा नकाशा आहे आणि उठवलेल्या लोकांनी आपापल्या घराच्या जागी स्वतः नावं लिहिली आहेत. तिथे शिक्षक ऐकणारा असतो. परतल्यावर तो मुलांच्या आजी-आजोबांच्या आठवणींनाही पुरावा मानू लागतो, आणि त्या कागदांशी ताडून बघायलाही शिकवतो.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. ज्या समाजावर अन्याय झाला त्यातलं मूल वर्गात असेल, तर त्यालाच उभं करून ‘तू सांग’ म्हणू नका.

कार्यशाळा निवडताना आयोजकांना विचारून घ्या की मूळ कागदपत्रांच्या प्रती वर्गासाठी मिळतील का, तिथले रहिवासी बोलायला असतील का आणि धडा तयार करायला वेळ राखलाय का. वेळापत्रकात फक्त स्थळदर्शन असेल, तर मी जाणार नाही.