नवा कन्सोल घेताना अपेक्षा कशावर बांधायच्या?

बाजारात आल्याच्या पहिल्याच दिवशी नवा गेमिंग कन्सोल घ्यायचा तुझा उत्साह छान आहे, तो टिकव. फक्त सुरुवातीला या गोष्टी सांभाळ.

सगळ्यात जास्त फसगत ट्रेलरमुळे होते. खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाच. तिथे ‘इन-इंजिन’ लिहिलं असेल तर तो प्रत्यक्ष खेळ नव्हे. इंजिन, म्हणजे दृश्यं तयार करणारं सॉफ्टवेअर, गेमचंच असतं, पण कॅमेरा आणि प्रकाश हवा तसा बसवलेला असतो. हेल्थ बार (पात्राची उरलेली ताकद दाखवणारी पट्टी), नकाशा दिसतोय आणि कुणीतरी सलग दहा मिनिटं खेळतंय, असा व्हिडिओ येईपर्यंत ग्राफिक्सबद्दल मत बनवू नकोस.

खोक्यावरचे आकडे कमाल मर्यादा सांगतात. प्लेस्टेशन ५च्या खोक्यावर ८के (४केपेक्षाही बारीक तपशिलाचं चित्र) छापलं होतं, पण २०२० मध्ये लाँचच्या वेळी ८के आउटपुट मिळतच नव्हतं. ८२५ जीबी स्टोरेजपैकी वापरायला मिळाले सुमारे ६६७ जीबी.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- एकाच गेमसाठी कन्सोल घेणं. ‘हेलो इन्फिनिट’ एक्सबॉक्स सिरीज एक्ससोबत २०२० मध्ये येणार होता. आला डिसेंबर २०२१ मध्ये.
- परदेशातली तारीख आपली समजणं. अमेरिकेत प्लेस्टेशन ५ १२ नोव्हेंबर २०२० ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला.
- स्टॉक संपला म्हणून घाईघाईत ब्लॅकने घेणं. वॉरंटीचं बिल मिळत नसेल तर सरळ नाही म्हण.

टीव्ही, एसएसडी (जादा स्टोरेज) वगैरे नंतर बघू. आधी जाहीर गेमपैकी लाँचच्या दिवशी नक्की येणारे किती, तेवढं लिहून काढ.