हशा कोणाच्या वाक्यावर येतो?

राजकीय विडंबनाच्या सिनेमात बायका, वेगवेगळ्या जाती-धर्मांची माणसं मुद्दाम घालावीत का, त्यानं विनोद मरत नाही का, असं तुम्ही विचारलंय. नुसती घालून पोस्टरवरचे चेहरे वाढतात, बाकी काही नाही. हशा कोणाच्या वाक्यावर येतो ते बघा.

महापालिकेवरच्या अशाच एका विनोदी सिनेमाचे संवाद आम्ही दोघं लिहीत होतो. वाचनं अंधेरीत चालायची. त्यातली नगरसेविका सबंध पटकथाभर पदर सावरायची आणि नवऱ्याकडे बघायची. फोन नवरा घ्यायचा, सही कुठे करायची ते नवरा दाखवायचा.

माझी मामी परळ-लालबागकडच्या महिला राखीव प्रभागातून निवडून आली होती. नालेसफाईची बिलं आली की ती गाळ वाहणाऱ्या डंपरच्या वजनकाट्याच्या पावत्या मागवायची आणि रात्री जेवणं झाल्यावर एकेक वाचायची. एकदा डंपरचा म्हणून लिहिलेला एक नंबर तिला ओळखीचा वाटला. तो ठेकेदाराच्या मुकादमाच्या स्कूटरचा निघाला. ती स्कूटर रोज वॉर्ड ऑफिसच्या दारात लावलेली असायची! मामीनं भर बैठकीत विचारलं, "काय रे, आठ टन गाळ पुढे उभा केलास की मागे बसवलास?" इंजिनियरांनाही हसू आवरेना. बिल अडलं ते अडलंच.

हा प्रसंग मी वाचनाला दिला. सगळे पोट धरून हसले. पुढच्या खर्ड्यात तीच स्कूटर, तेच वाक्य, फक्त बोलत होता नवरा. दिग्दर्शक म्हणाला, बाई असं बोललेली प्रेक्षकाला पटत नाही. ज्या शहराच्या महापालिकेत 2012 पासून 227 पैकी निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, तिथे हे ऐकायचं!

माझा सहलेखक एकांकिकांपासूनचा मित्र. तोही म्हणाला, तुला आदर्श बाई हवीय, आणि आदर्श माणसावर विनोद होत नाही. मला आदर्श बाई नकोच आहे. पैसे खाऊ दे तिला, पण स्वतःच्या डोक्यानं खाऊ दे. 1983 च्या 'जाने भी दो यारों'मधली भक्ती बर्वेंची शोभा आठवा. हातात बिल्डरविरुद्धचे पुरावे असताना ही संपादकबाई बातमी सोडून त्याच्याशी पैशांचा सौदा करायला जाते. कोणा पुरुषाच्या सांगण्यावरून नाही. तिच्यावाचून तो सिनेमा उभाच राहत नाही.

जातीधर्माचंही तेच. शिपाई कांबळे आणि साहेब देशपांडे हे ठरलेलं, कोळीण येते ती भांडायलाच, मुसलमान टोपी घालून एक वाक्य बोलतो आणि जातो. त्याउलट आदिवासी भागातल्या मतदानावरच्या 'न्यूटन' सिनेमातली अंजली पाटीलची मल्को, तिथलीच स्थानिक शिक्षिका. अधिकारी हिंदीवाले, गाव गोंडी बोलणारं, त्यामुळे गावकऱ्यांशी बोलायला साहेबांना ती लागतेच.

नवऱ्याच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या नगरसेविका नसतात असं नाही, भरपूर असतात. त्या नवऱ्यांवर हवा तेवढा विनोद करा. आणि छोट्या बजेटात प्रत्येक समाजाचं पात्र बसत नाही, हेही खरं.

तुम्ही स्वतः लिहीत असाल तर एखाद्या पात्राच्या नावापुढे कंसात नुसतं 'हसते', 'लाजते', 'नवऱ्याकडे बघते' एवढंच येतंय का ते तपासा. येत असेल तर तिला एक वाक्य द्या आणि ते खर्डा बदलला तरी तिच्याकडून काढून घेऊ नका.

तो मित्रही इथे वाचतो, म्हणून त्यालाही सांगते. बाईच्या तोंडी पटत नाही म्हणालास ना? त्या दिवशी मामीचं वाक्य मीच वाचलं होतं, आणि सगळ्यांत मोठ्यानं तू हसला होतास.