गोळ्या बंद करा असं याकोबानं कुठंच लिहिलं नाही (वाचकांचे प्रश्न)

दर रविवारी उपासना सुटली की आवारातल्या कडुनिंबाखाली तेच प्रश्न येतात, आणि आठवडाभर मोबाईलवरही तेच. एका वचनाचा फोटो पाठवायचा अन् खाली विचारायचं, पाळकसाहेब हे खरं आहे का. वचन खरं असतं हो, पण त्याच्या मागचं-पुढचं कोणी वाचत नाही, म्हणून काही उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

प्रश्न: आधार कार्ड म्हणजे बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातला श्वापदाचा आकडा 666 आहे असं एका सभेत सांगितलं. रेशन दुकानात अंगठा लावावा का?

लावा, आणि केवायसी राहिली असेल तर याच महिन्यात करून घ्या. प्रकटीकरणाच्या 13 व्या अध्यायात ती खूण श्वापदाची भक्ती करणाऱ्यांची आहे, धान्य घेणाऱ्यांची नाही.

प्रश्न: डोक्यावर पदर नसला तर बाईची प्रार्थना ऐकली जात नाही का?

ऐकली जाते. मंडळीत पदर घ्यायची रीत असेल तर घ्या, पण घरी चुलीसमोर प्रार्थना करताना ही भीती मनात ठेवू नका.

प्रश्न: यंदा सोयाबीन पिवळं पडलं, एकरी तीन पोते झाले. देवाचा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, सगळ्या विक्रीवर द्यायचा की खर्च काढून? मोबाईलवर उपदेश करणारे एक सेवक सांगून राहिले की जवळ नसेल तर व्याजानं काढून द्या, शंभरपट परत येते.

व्याजानं काढून एक रुपयाही देऊ नका. प्रेषित पौलानं करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या 8 व्या अध्यायात स्वच्छ लिहिलं आहे की माणसाजवळ जे आहे त्यातून दिलेलं मान्य होते, जे नाही त्याचा हिशोबच नाही. आणि ते शंभरपट कुठून आलं तर मार्कच्या 10 व्या अध्यायातून, तिथं येशू घरदार, भाऊबंद, शेती सोडून मागे आलेल्यांशी बोलतो आहे आणि त्याच वाक्यात "छळासह" हा शब्द आहे. तो शब्द हे सेवक कधी वाचून दाखवत नाहीत! क्यूआर कोड मात्र शेवटपर्यंत स्क्रीनवर असतो.

मलाखी 3:10, सगळा दशांश भांडारात आणा म्हणजे माझ्या मंदिरात अन्न राहील, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ते अन्न मंदिरातल्या सेवेसाठी होतं, आणि अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी (मंदिराची सेवा करणारे), परके, पोरके आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून गावातच ठेवायला सांगितला आहे. नव्या करारात आकडा ठरवून दिलेला नाही, प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता द्यावं एवढंच आहे. पीक बुडालेल्या वर्षी किती द्यायचं ते घरात बायकोसोबत बसून ठरवा, अडचण आहे ती आपल्या पाळकांना मोकळेपणी सांगा, लपवू नका. उलट मंडळीनंच तुम्हाला बियाण्याला हात द्यायची ही वेळ आहे.

प्रश्न: माझ्या मालकाला टीबी आहे. सभेतल्या सेवकानं याकोबाचं पत्र 5:15 दाखवलं, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवते, आणि गोळी खाणं म्हणजे अविश्वास असं म्हटलं. 300 रुपयांची तेलाची बाटली घेतली. दोन महिन्यांनी खोकला थांबला म्हणून गोळ्या बंद केल्या. बरोबर केलं ना?

नाही ताई, बरोबर नाही झालं. हे वाचून होताच त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात जा, आशाताईला सोबत न्या, किती दिवस गोळ्या चुकल्या ते खरं सांगा. डॉक्टर रागावले तरी चालेल. घरी उरलेल्या गोळ्या आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका, आधी तपासणी होऊ द्या.

आता त्या वचनाचं. एक वचन मागं जा. 5:14 म्हणते, कोणी दुखणाईत असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावानं तेल लावून प्रार्थना करावी. मंडळीचे वडील, म्हणजे तुम्हाला ओळखणारी, तुमच्या घरी येणारी माणसं, मांडवातून रात्रीच गाडीनं निघून जाणारा पाहुणा नाही. बाटली नाही, किंमत नाही, आणि औषध सोडा असा एक शब्द नाही. पुढं 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे, तर तिथं कबुली त्या बाटली विकणाऱ्यानं द्यायला पाहिजे.

राजा हिज्कीया मरणाच्या दारात होता, देवानं यशया संदेष्ट्याकडून निरोप पाठवला की तुझी 15 वर्षं वाढवतो. आणि त्याच यशयानं अंजिराचा लेप मागवून गळवावर लावला, 2 राजे 20:7 उघडून बघा. देवाचा शब्द मिळाला होता तरी लेप लावलाच. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं जखमी वाटसरूच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला. लूक स्वतः वैद्य होता. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मत्तयाचा 8 वा अध्याय, येशूनं कुष्ठरोग्याला स्पर्श करून बरं केलं आणि लगेच सांगितलं, जा, याजकाला दाखव. लेवीय 14 मध्ये तो याजक छावणीबाहेर येऊन अंग तपासतो, मग धुणं, मुंडण, सात दिवस थांबणं, असं सगळं करून मग तो शुद्ध. म्हणजे येशूनं स्वतः बरा केलेला माणूससुद्धा तपासणीला पाठवला. आमच्याकडं परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठरोगाचा दवाखाना आहे, तिथं प्रार्थनाही झाली आणि मलमपट्टीही झाली, कोणाला त्यात भांडण दिसलं नाही.

टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, नंतर चार महिने तीन. दुसऱ्या महिन्यात भूक लागते, वजन वाढते, ताप जातो, पण जंतू मरून संपलेले नसतात. मधेच सोडलं की उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात, मग इलाज लांबतो, अवघड होतो आणि घरातल्या लेकराला तोच दाद न देणारा जंतू लागू शकते.

आमच्याच मंडळीतल्या एका घरी मी हे उशिरा पाहिलं. तांदळाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, फेकायची हिंमत झाली नव्हती. मोजल्या तर 41 दिवसांच्या. वरच्या फळीवर तेलाची बाटली, झाकणाला लाल दोरा, वास साध्या खोबरेल तेलाचा. मी त्या घरी दर महिन्याला प्रार्थनेला जात होतो आणि गोळ्या चालू आहेत का एवढं विचारलं नाही, म्हणून आता प्रत्येक घरी पहिले तेच विचारतो. शुगर, बीपी, मिरगी, सिकलसेल, सगळ्यांना हेच लागू. बरं झाल्याची साक्ष द्यायची असेल तर रिपोर्ट आल्यावर द्या, डॉक्टरनं गोळी बंद केली की मग बंद. पाळकानं सांगून बंद करू नका, मी सांगितलं तरी करू नका.

प्रश्न: मुलीची पोलीस भरती तिसऱ्यांदा हुकली. यिर्मया 29:11, देवाचे संकल्प हिताचे आहेत, तो आशा देणार, हे वचन आम्ही धरून आहोत, मग असं का?

ते वचन बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षं सांगितली आहेत, आणि आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा माणूस दोनच वर्षांत सगळं ठीक होते असं सांगत होता, तो खोटा निघाला. त्या पत्रात देव काय म्हणतो, घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा. देवानं तुमच्या मुलीला टाकलं नाही, पण हे वचन भरतीची तारीख देत नाही. वय किती उरलं ते पाहून दुसरे फॉर्मही भरायला लावा, आणि तिला काय वाटते ते तिलाच विचारा.

प्रश्न: नवरा मारतो. वडीलजन म्हणतात अधीन राहा, आणि विश्वासणाऱ्यानं कोर्टात जाऊ नये.

ताई, आधी सुरक्षित ठिकाणी जा. 181 वर फोन लावा, 2005 च्या कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकारी असतात, त्यांना भेटा. इफिसकरांस 5:22 वाचणाऱ्यांनी 5:28 वाचलं नाही, नवऱ्यानं बायकोला स्वतःच्या शरीरासारखं जपावं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 6 वा अध्याय आपसातल्या व्यवहाराच्या तंट्यांचा आहे, हाडं मोडण्याचा नाही, आणि पौलानं स्वतः कैसराकडं दाद मागितली होती. वडीलजनांशी मी बोलायला तयार आहे, पण त्यासाठी तुम्ही थांबू नका.

प्रश्न: आम्ही दोघं भाऊ, एकच बैलजोडी. पोळ्याला थोरला भाऊ पूजा करते. आम्ही पुरणपोळी खावी का? बैल सजवावे का?

बैल सजवा. मळणीच्या बैलाचं तोंड बांधू नको हे मोशेच्या नियमशास्त्रात आहे, आणि नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो हे नीतिसूत्रांत. पुरणपोळीबद्दल पौल म्हणतो, वाढलेलं विचारपूस न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. पूजेत उभं राहायचं की नाही हे भावाशी पोळ्याच्या आधीच, घरात बसून बोला, तोरणाखाली चारचौघांत नाही, आणि जमत नसेल तर आपल्या पाळकांना सोबत न्या. आदल्या संध्याकाळची खांदशेकणी मात्र तुम्ही तुमच्या हातानं करा, हळद-तूप लावून, वर्षभर जू त्याच खांद्यावर होतं.