वाचक विचारतात : लॅपटॉप मागे, टॅबलेट हातात

प्रश्न : मी हळद, साखरपुडा, वाढदिवस अशा कार्यक्रमांत गाणी लावतो. विंडोजच्या लॅपटॉपवर ‘मिक्स’ हे फुकट सॉफ्टवेअर वापरतो. लॅपटॉप ॲम्प्लिफायरजवळ मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवावा लागतो, त्यामुळे नाचणारी माणसं दिसतच नाहीत. मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला अँड्रॉइड टॅबलेट घरात पडून आहे. तो वायफायवर डीजे कंट्रोलर म्हणून वापरता येईल का? ऐन कार्यक्रमात दगा तर देणार नाही ना? – एक वाचक, तासगाव

उत्तर : वापरता येईल. आणि माणसं दिसत नाहीत ही तुमची अडचण मला या पत्रातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते. हळदीला मावश्या-आत्या उठून मधे आल्या, की पुढचं गाणं तिथल्या तिथे बदलावं लागतं, आणि ते कोपऱ्यात पाठ करून बसलेल्या माणसाला कळत नाही. मी मिरजेकडच्या कार्यालयांत साउंडचं काम करतो. टॅबलेट घेऊन मंडपाच्या कडेला उभं राहता येणं हा माझ्या लेखी चैनीचा भाग नाही, त्यानं काम सुधारतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. टॅबलेटमधून गाणं वाहत नाही. टॅबलेट टीव्हीच्या रिमोटसारखा फक्त हुकूम देतो. गाणी, साउंड कार्ड, आवाज सगळं लॅपटॉपवरच राहतं. हुकूम जातात मिडी या पद्धतीने. ती 1983 पासून चालत आलेली आहे, आणि एक बटण दाबल्याचा निरोप जेमतेम तीन बाइटचा असतो. म्हणून वायफाय अडखळलं तरी चालू गाणं तुटत नाही, फक्त तुमचा पुढचा हुकूम उशिरा पोचतो.

मांडणी अशी करा. टॅबलेटवर ‘टचओएससी’ हे ॲप घ्या (विकत आहे) आणि लॅपटॉपवर त्याचाच ‘ब्रिज’ हा छोटा प्रोग्रॅम टाका (तो फुकट आहे). दोन्ही एकाच वायफायवर आले की ॲपच्या कनेक्शनमध्ये लॅपटॉपचं नाव दिसतं, ते निवडा. मग मिक्स सुरू करून प्रेफरन्सेसमधल्या कंट्रोलर्सच्या यादीत ब्रिज शोधा, तो चालू करा आणि लर्निंग विझार्ड उघडा. मिक्समधलं प्ले बटण क्लिक करायचं, टॅबलेटवरचं आपलं बटण दाबायचं, झाली जोडणी. एकेक करत पुढे जा आणि शेवटी मॅपिंग (कोणत्या बटणानं काय होतं त्याची नोंद) सेव्ह करा. विझार्ड फक्त टॅबलेटकडून लॅपटॉपकडे जाणारी वाट शिकतो. गाणं चालू झाल्यावर टॅबलेटवरचं बटण उजळावं असं वाटत असेल, तर त्याच ठिकाणी आउटपुट मॅपिंग हातानं भरावं लागतं. वेळखाऊ आहे, पण निदान दोन्ही प्ले बटणांसाठी तरी भराच. अंधारात कोणता डेक (मिक्समधल्या दोन प्लेअरपैकी कोणता) चालू आहे हे नजरेला कळलं पाहिजे.

बटणं मोठी ठेवा. ॲपमध्ये स्क्रीन स्वतः आखता येतो, आणि तिथे सगळं कोंबायचा मोह होतो. मी ठेवतो ते इतकंच : दोन प्ले, दोन सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारी बटणं), प्रत्येक डेकला चार हॉट क्यू (गाण्यातल्या ठरवलेल्या जागी उडी मारायला), लूप (एक तुकडा फिरवत ठेवायला), बेस कापायचं एक बटण, क्रॉसफेडर (एका डेकवरून दुसऱ्यावर सरकायची पट्टी). गोल फिरणारं जॉग व्हील (रेकॉर्डसारखी हातानं फिरवायची चकती) काढून टाका. काचेवर बोटाला काही लागत नाही आणि वायफायचा उशीर कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे स्क्रॅचिंगला ते निरुपयोगी आहे. टेम्पोची (गाण्याचा वेग बदलायची) पट्टीही नको. साध्या मिडी पट्टीला 0 ते 127 अशा 128 पायऱ्याच मिळतात. मर्यादा उणे 8 ते अधिक 8 टक्के ठेवली, तर 120 बीपीएमच्या (मिनिटाला 120 ठोक्यांच्या) गाण्यात एक पायरी साधारण 0.15 बीपीएमची होते. कानानं ताल जुळवायला ते फार जाड आहे. सिंक वापरा आणि किंचित पुढेमागे ढकलायला दोन छोटी बटणं ठेवा.

आता तुमची दग्याची भीती. ती रास्त आहे, आणि दगा ॲपकडून क्वचित होतो, नेटवर्ककडून होतो. कार्यालयाच्या वायफायवर किंवा कुणाच्या हॉटस्पॉटवर कधीही अवलंबून राहू नका. स्वतःचा राउटर न्या. त्याला इंटरनेटची गरज नाही. घरी जुना पडलेला असला तरी चालेल, फक्त 5 गिगाहर्ट्झचा असावा. 2.4 गिगाहर्ट्झवर पाहुण्यांच्या फोनचे हॉटस्पॉट, ब्लूटूथ, कार्यालयाचं वायफाय अशी सगळी गर्दी असते. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये झकास चाललेलं सगळं संध्याकाळी अडखळायला लागतं, त्याचं आणखी एक कारण म्हणजे माणसं. शरीरात पाणी असतं आणि ते या लहरी शोषून घेतं. म्हणून राउटर टेबलाखाली न ठेवता डोक्यांच्या वर, टॉपच्या (उंचावरच्या स्पीकरच्या) स्टँडला उंच बांधा. टॅबलेटवरून तो नजरेला दिसला पाहिजे, एवढं पुरे.

वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो आणि पुन्हा उठायला वेळ खातो. बऱ्याच घरगुती राउटरना 12 व्होल्ट लागतात, आणि तेवढ्यासाठी मिनी यूपीएस मिळतो. राउटरच्या ॲडॉप्टरवरचा आकडा बघून तो घ्या. आपल्याकडच्या लग्नसराईत तो हवाच.

दोन सेटिंगं लोक हमखास विसरतात. विंडोज नवं वायफाय ‘पब्लिक’ धरून चालतं आणि फायरवॉल ब्रिजची वाट अडवतं. तिथे ‘प्रायव्हेट’ करा. आणि इंटरनेट नसलेलं वायफाय दिसलं की अँड्रॉइड ते सोडायला बघतो, तेव्हा ‘जोडलेलं राहू दे’ असा पर्याय निवडा. टॅबलेटमध्ये सिम असेल तर मोबाइल डेटा बंद, नोटिफिकेशन बंद, स्क्रीन आपोआप विझणं बंद.

एवढं करूनही बॅगेत डेटा केबल ठेवा. अँड्रॉइड 6 पासून टॅबलेटला यूएसबीवर मिडी उपकरण बनवण्याची सोय आली आहे; केबल लावल्यावर यूएसबीच्या पर्यायांत मिडी निवडायचं. मिक्सला तो वेगळा कंट्रोलर वाटेल, तिथे तुमचीच जुनी मॅपिंग फाइल निवडा. वरातीच्या गाडीवर मी वायफायच्या फंदात पडत नाही, केबलच लावतो. 2005 मध्ये फ्रान्समधल्या जॅझम्युटंट कंपनीने ‘लेमूर’ हा बोटांनी चालणारा पडदा बाजारात आणला, आयपॅडच्या पाच वर्षं आधी, आणि तो डाफ्ट पंकसारख्या मोठ्या कलाकारांनी मंचावर वापरला. त्यालाही इथरनेटची तारच होती. तार लावण्यात कमीपणा नाही.

आणि केबलही निकामी झाली तर? लॅपटॉपच्या कीबोर्डवर मिक्सचे शॉर्टकट चालू ठेवा : ‘डी’ने पहिला डेक, ‘एल’ने दुसरा. शेजारी बसणाऱ्या पोराला हे दोन शिकवून ठेवा.

प्रश्न : टॅबलेटलाच हेडफोन लावून पुढचं गाणं आधी ऐकता येईल का? ब्लूटूथ हेडफोन चालतील का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. वर म्हटल्याप्रमाणे आवाज टॅबलेटकडे येतच नाही. चार आउटपुट असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. दोन स्पीकरला, दोन हेडफोनला. तेवढा खर्च नको असेल तर डीजे स्प्लिटर केबल स्वस्तात मिळते. ती डावा चॅनेल स्पीकरला आणि उजवा हेडफोनला देते, दोन्हीकडे मोनो (एकाच चॅनेलचा आवाज). मंडपातल्या स्पीकरवर मोनो असल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो. 120 बीपीएमला एक ठोका 500 मिलिसेकंदांचा, म्हणजे ऐकू येणारा ठोका तीस-चाळीस टक्के मागे. कुठलं गाणं आहे एवढं ओळखायला चालेल, जुळवायला नाही.

प्रश्न : ॲपची खटपट न करता लॅपटॉपचा पडदाच टॅबलेटवर आणला तर? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ‘स्पेसडेस्क’सारख्या प्रोग्रॅमने आणता येतो. पण त्यात तीन बाइटच्या निरोपाऐवजी सगळं चित्र सतत वायफायवरून पाठवावं लागतं, त्यामुळे गर्दीत आधी तेच अडकतं. शिवाय ती बटणं माऊससाठी काढलेली असतात, बोटाखाली दोन-दोन येतात. गाण्यांची यादी चाळायला हा मार्ग बरा आहे. प्ले आणि क्रॉसफेडर मात्र मिडीवरच ठेवा.