वहिनींचं ३१व्या आठवड्यात पाणी गेलं, पण कळा नाहीत. झोपून राहिलं तर पाणी परत भरतं का, की जिल्ह्याला न्यायलाच हवं?

न्यायलाच हवं, आणि आजच. पण वहिनींना गाडीत बसवण्याआधी तालुक्याच्या डॉक्टरांना एवढं विचारा: स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं का?

"ते वरचे देतील" या उत्तरावरून मी अनेकांशी भांडलेय. वरचे देतात हो, पण गाडी येईपर्यंत दोन तास, रस्त्यात तीन, मग केसपेपर. बाळाच्या फुफ्फुसांना पुरता फायदा मिळायला पहिल्या डोसनंतर साधारण २४ तास लागतात. ते घड्याळ तालुक्यालाच सुरू व्हायला हवं. अशीच पाठवणीची एक चिठ्ठी आठवते: ३० आठवडे, आयसोक्सुप्रिन (कळा थांबवायचं औषध) दिलं, आतून तपासणी तीनदा, गर्भाशयाचं तोंड २ सेंमी उघडलेलं. स्टेरॉइडचा उल्लेखच नाही. बाई आल्यावर पाच तासांत मोकळी झाली. बाळ दर श्वासाला कण्हत होतं, छातीचं हाड आत ओढलं जात होतं. जे औषध राहिलं ते आरोग्य केंद्राच्या कपाटातही असतं.

औषध डेक्सामेथासोन. ६ मिग्रॅ स्नायूत, दर १२ तासांनी, एकूण ४ वेळा. २ मिलीच्या बाटलीत ८ मिग्रॅ असतं, म्हणजे दीड मिलीच ओढायचं. घाईत अख्खी बाटली सिरिंजमध्ये जाते. केंद्र सरकारच्या २०१४च्या सूचनांप्रमाणे २४ ते ३४ आठवड्यांत पाठवण्याआधीचा पहिला डोस एएनएम (उपकेंद्राची नर्स)सुद्धा देऊ शकते. तेव्हा "आम्हाला अधिकार नाही" हे ऐकून घेऊ नका.

दुसरं, बोटांनी तपासणी. कळा नसताना ती कशाला? प्रत्येक वेळी जंतू वर ढकलले जातात आणि हातातले दिवस कमी होतात. निर्जंतुक स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून बघायचं साधन) घालून खोकायला सांगायचं; गर्भाशयाच्या तोंडातून पाणी येऊन मागे साचताना दिसलं की निदान झालं.

तिकडे पोचल्यावर एरिथ्रोमायसिन २५० मिग्रॅ दिवसातून ४ वेळा, १० दिवस. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक नको, त्याने बाळाच्या आतड्याला इजा होण्याचा धोका वाढतो. ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण अगदी तोंडावर आलं, तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून, सावकाश. कळा थांबवायच्या गोळ्या तुमच्या वहिनींना आत्ता लागतच नाहीत. लागल्या तरी त्या ४८ तास मिळवण्यापुरत्या, महिनाभर चालवायच्या नाहीत.

पाणी भरण्याचं म्हणाल, तर ते मुख्यतः बाळाच्या लघवीचं असतं, त्यामुळे तयार होतच राहतं. पण फाटलेली पिशवी क्वचितच बुजते. पलंगावर पडून ती शिवली जात नाही, शहाळ्यानेही नाही. संसर्ग नसेल तर दवाखान्यात देखरेखीखाली ३७ आठवड्यांपर्यंतही थांबता येतं.

मात्र १००.४ च्या वर ताप, पाण्याला घाण वास, पोट दाबल्यावर दुखणं, आईची नाडी १०० च्या किंवा बाळाचे ठोके १६० च्या वर, यांतलं काही दिसलं तर संसर्ग धरूनच तपासायचं. तो ठरला की थांबणं संपलं, आठवडे कितीही असोत. नुसत्या पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून घाबरू नका, स्टेरॉइडनेही वाढतात. मधुमेह असेल तर स्टेरॉइडने साखर चढते, हे तिथे आधीच सांगा.

गाडीत डाव्या कुशीवर झोपवा, पॅड ठेवा, पाण्याचा रंग बघत राहा. चिठ्ठीवर इंजेक्शनची वेळ लिहून घ्या. नुसतं "दिलं" चालणार नाही, पुढचे १२ तास त्या वेळेपासूनच मोजायचे आहेत.