ऑफिसात विंडोज काढून लिनक्स टाकू का?

प्रश्न : आमचं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस, सात कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज १०. आता अपडेट बंद झालेत, नवीन मशीन घ्यायचं बजेट नाही. भाचा म्हणतो लिनक्स टाका, फुकट आहे. टाकू का?

उत्तर : टाका, पण सातही एकदम नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे काहीतरी करावं लागणारच आहे. मेल, ब्राउझर, साधी पत्रं, एक्सेलच्या फायली एवढंच काम ज्या टेबलावर चालतं तिथे लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलला फुकटचा पर्याय) मस्त चालतं, जुन्या मशीनवर सुद्धा. अडतं ते टॅलीपाशी, ती लिनक्सवर सरळ चालत नाही, वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे लावून ओढूनताणून चालवायची तर मार्चमध्ये रडाल. डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का तेही आधी बघा. म्हणजे दोन मशीन विंडोजवरच ठेवा, फक्त ती विंडोज ११ घेतात का ते तपासून.

आणि हो, जुनी मराठी पत्रं श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, असतील ना? मी अशी फाइल उघडली तर ‘महोदय’ च्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. ती आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या मराठीत) करून घ्या, हेच खरं वेळखाऊ काम आहे.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ ला परत विंडोजकडे जायचं ठरवलं, तेव्हा घाई नको. आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून बघा, हार्डडिस्कला हात न लावता प्रिंटर-स्कॅनर चालतोय का ते कळेल. बॅकअप मात्र आजच घ्या.